अंगावरून वारं जाण्याआधी

खेड्यापाड्यांत अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असंच म्हणतात. साठी-सत्तरीच्या माणसाच्या अंगावरून वारं गेलं की घरचे बीपीला आणि साखरेला दोष देतात, आणि बहुतेक वेळा तो दोष बरोबरच असतो. पण कधी कधी तीस-बत्तीस वर्षांची बाई अशी दवाखान्यात आणली जाते. सकाळी भाकऱ्या थापत होती, उजवा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. बीपी नाही, साखर नाही, तंबाखूची मिसरीही नाही. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ऐकतात आणि नातेवाइकांना विचारतात : लहानपणी हिला ताप येऊन सांधे सुजले होते का? बाईचा हात हलत नाही, आणि डॉक्टर वीस वर्षांपूर्वीच्या गुडघ्यांची चौकशी करतात. घरच्यांना त्याचा अर्थ लागत नाही.

हा प्रश्न विचारण्याइतकं शहाणपण वैद्यकाला यायला शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांची ही गोष्ट आहे.

१८५२ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातला विल्यम सेनहाउस कर्क्स जेमतेम तिशीचा होता. अर्धांगवायू म्हणजे मेंदूत रक्तस्राव, नाहीतर म्हातारपणी रक्तवाहिनी जागच्या जागी कुजणं, अशी तेव्हाची समजूत होती. कर्क्सपुढे आलेले रुग्ण त्या समजुतीत बसत नव्हते. ते तरुण होते. त्यांच्या शवविच्छेदनात मेंदूचा एक भाग मऊ पडलेला दिसला, आणि त्या भागाला रक्त पुरवणारी धमनी एका घट्ट बोळ्यानं बंद झालेली. धमनी स्वतः मात्र निरोगी होती. मग कर्क्सनं हृदय उघडून पाहिलं. डाव्या बाजूच्या झडपेवर चामखिळीसारख्या गाठी होत्या, आणि मेंदूतला बोळा त्याच जातीचा दिसत होता. त्यानं निष्कर्ष काढला की हा बोळा मेंदूत तयार झालाच नाही. तो हृदयातून सुटला, रक्ताबरोबर वाहत वर गेला आणि अरुंद जागी अडकला. त्याच सुमारास जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्शोही वाहत जाणाऱ्या गुठळ्यांचा अभ्यास करत होता, आणि ‘एम्बोलिझम’ हे नाव त्याचंच. व्हिर्शो जगप्रसिद्ध झाला. कर्क्स १८६४ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना गेला आणि विस्मरणात गेला. मला तो फार मोठा वाटतो, कारण हाताशी सूक्ष्मदर्शकाखेरीज काही नसताना त्यानं मेंदूच्या आजाराचं मूळ छातीत शोधलं.

झडपा खराब का होतात, याचं अर्धं उत्तर तोवर डॉक्टरांना ठाऊक झालं होतं. फ्रान्समध्ये बुयो यानं १८३० च्या दशकात दाखवून दिलं होतं की सांधे सुजवणारा ताप, ज्याला आज आपण र्‍हुमॅटिक ताप म्हणतो, तो हृदयालाही धरतो. सांधे पंधरा दिवसांत, महिन्याभरात बरे होतात, मूल पुन्हा खेळायला लागतं. हृदयातली मायट्रल झडप मात्र आतून व्रण धरत राहते. तिच्या दोन पाकळ्या कडेला चिकटतात, जाड होतात आणि झडपेचं तोंड माशाच्या तोंडासारखं बारीक होत जातं. रक्त पुढे सरकेना की मागचा डावा कप्पा, म्हणजे अलिंद, फुगत जातो. फुगलेला कप्पा एक दिवस नेमानं आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरू लागतो. त्याच्या कोपऱ्यातल्या छोट्याशा पिशवीत रक्त साचतं, गोठतं. तिथून सुटलेल्या गुठळीला मेंदूची वाट सरळ पडते.

या पिशवीत माणसाचं बोट पहिल्यांदा शिरलं ते ६ मे १९२५ रोजी. पूर्व लंडनमधल्या लंडन हॉस्पिटलात हेन्री सौटार या शल्यविशारदानं विशीच्या आतल्या एका मुलीची छाती उघडली. तिला लहानपणापासून या तापाचा त्रास होता आणि झडप अरुंद झाली होती. सौटारनं अलिंदाच्या त्या पिशवीला छेद देऊन तर्जनी आत घातली. झडप पात्यानं कापायचा त्याचा बेत होता, पण धडधडत्या हृदयात बोटाला जे लागलं त्यावरून त्यानं बेत बदलला आणि नुसत्या बोटानं झडपेचं तोंड मोकळं केलं. मुलगी वाचली, बरी होऊन घरी गेली. आणि त्यानंतर सौटारकडे एकाही डॉक्टरनं असा दुसरा रुग्ण पाठवला नाही. त्या काळच्या मातब्बर हृदयतज्ज्ञांचं मत होतं की दुखणं झडपेचं नसून हृदयाच्या स्नायूचं आहे, तेव्हा झडपेला हात लावून काय होणार? एका यशस्वी शस्त्रक्रियेनंतर तेवीस वर्षं दार बंद राहिलं. १९४८ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांनी ते पुन्हा उघडलं. बेलीचे आधीचे रुग्ण दगावले होते, तरी तो थांबला नाही. सौटारची ती मुलगी तोवर हयात नव्हती. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी हृदयातून निघालेली गुठळी तिच्या मेंदूत अडकली, आणि ती त्यातच गेली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी मुलगी गेली ती गुठळीनं. म्हणून मला वाटतं, या गोष्टीचे खरे नायक शल्यविशारद नाहीत. खरं काम घशाशी झालं.

र्‍हुमॅटिक ताप येण्याआधी दोन-तीन आठवडे मुलाचा घसा दुखलेला असतो, हे आयांना माहीत होतं आणि डॉक्टरांनीही टिपलं होतं. पण ताप येतो तेव्हा घसा बरा झालेला असायचा, आणि सांध्यांच्या पाण्यात किंवा रक्तात जंतू सापडत नसत. १९३१ मध्ये न्यूयॉर्कचा ॲल्विन कोबर्न आणि लंडनचा कॉलिस या दोघांनी स्वतंत्रपणे एकाच जंतूकडे बोट दाखवलं : साखळीनं वाढणारा स्ट्रेप्टोकोकस. कोबर्न काही आजारी मुलांना उबदार पोर्टो रिकोमध्ये घेऊन गेला. तिथे त्यांचा ताप थांबला. न्यूयॉर्कला परतल्यावर घसे पुन्हा धरले आणि त्यामागोमाग तापही. पुढच्याच वर्षी टॉडनं या जंतूविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं मोजायची रीत काढली. लहान मुलांचे डॉक्टर आजही लिहून देतात ती एएसओची तपासणी हीच. १९३३ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या रिबेका लान्सफील्डनं स्ट्रेप्टोकोकसचे गट पाडले आणि माणसाच्या घशातला उपद्रवी गट ‘ए’ ठरला. जंतू हृदयात का सापडत नाही, याचा उलगडा हळूहळू झाला. जंतू हृदयापर्यंत पोहोचतच नाही. त्याच्या अंगावरची प्रथिनं हृदयाच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात, आणि घशातल्या शत्रूवर सोडलेली शरीराची फौज चुकून आपल्याच झडपांवर तुटून पडते. जंतू मेला तरी ती थांबत नाही.

मग जंतूला वेळेत मारलं, फौज उभी राहण्याआधीच, तर?

हा प्रश्न तडीला गेला तो अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, शायेन गावाजवळच्या वॉरेन हवाई तळावर. उंच, कोरड्या, बोचऱ्या थंडीच्या माळावरचं हे ठाणं. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले अठरा-वीस वर्षांचे रंगरूट इथल्या बराकींमध्ये खाटेला खाट लावून झोपत, आणि घसादुखीची साथ एका बराकीतून दुसऱ्या बराकीत फिरे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलानं अशा साथी रोखायला सगळ्यांना सल्फाच्या गोळ्या दिल्या होत्या. थोडे दिवस गुण आला आणि मग सल्फाला न जुमानणारे जंतूच माजले. युद्ध संपल्यावर क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातला चार्ल्स रॅमलकॅम्प हा तळावरच्या जंतूशास्त्रीय प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. त्याच्याबरोबर फ्लॉइड डेनी, लुइस वॉनामेकर आणि इतर तरुण डॉक्टर होते.

त्यांच्या कामातली चिकाटी पाहिली की हरखून जायला होतं. साथ कशी पसरते हे कळावं म्हणून त्यांनी बराकीतल्या खाटांमधली अंतरं मोजली. जंतू बाळगणाऱ्याच्या खाटेजवळ झोपणाऱ्याला धोका जास्त आणि अंतर वाढेल तसा तो कमी, असं दिसलं. सगळ्यांचा संशय धुळीवर आणि पांघरुणांवर होता, म्हणून आजाऱ्यांनी वापरलेल्या, जंतूंनी माखलेल्या कांबळ्या निरोगी रंगरुटांना देऊन पाहिल्या. त्यांना काही झालं नाही. वाळलेला जंतू निरुपद्रवी ठरला. तो पसरतो जवळच्या माणसाच्या श्वासातून, शिंकेतून, बोलण्यातून. दाटीवाटीच्या वस्तीत हा आजार का फोफावतो, याचं उत्तर त्या खाटांच्या मोजणीत होतं.

मुख्य प्रयोग १९४९ मधला. घशाला पू धरलेले, ताप असलेले रंगरूट दोन गटांत वाटले. एका गटाला पेनिसिलिनचं इंजेक्शन, दुसऱ्याला काहीही नाही. घसा दोन्ही गटांत बराच व्हायचा, त्यामुळे घशाकडे पाहून फरक कळणार नव्हता. थांबून सांधे आणि हृदय पाहायचं होतं. पेनिसिलिन मिळालेल्या ७९८ जणांत र्‍हुमॅटिक तापाचे खात्रीचे रुग्ण निघाले २. न मिळालेल्या ८०४ जणांत निघाले १७.

हे आकडे १९५० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले. हृदयविकाराचा एक मोठा प्रकार मुळातच होऊ न देता येतो, हे सिद्ध झालं होतं, तेही काही आण्यांच्या औषधानं. याच प्रयोगशाळेतून पुढे असंही दिसलं की पेनिसिलिन पहिल्या दिवशीच द्यायला हवं असं नाही. दुखणं सुरू झाल्यापासून नवव्या दिवशी दिलं तरी ताप टळतो. म्हणजे फौज जमून हल्ला करायला जो अवधी लागतो, तो माणसाच्या हाती असतो. वॉरेनच्या मंडळींना १९५४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

इथे एक बाब लपवून चालणार नाही. ज्यांना काही दिलं नाही त्यांतल्या ताप आलेल्या १७ मुलांचं काय झालं असेल? १९४९ मध्ये पेनिसिलिननं हा ताप टळतो हे कुणालाच खात्रीनं ठाऊक नव्हतं, म्हणून त्या पहिल्या प्रयोगाला मी दोष देणार नाही. पण ते ठाऊक झाल्यावरही सैनिकांना औषधाविना ठेवणारे अभ्यास झाले. १९६६ मध्ये हार्वर्डच्या हेन्री बीचरनं अनैतिक संशोधनावर जो गाजलेला लेख लिहिला, त्यातलं पहिलंच उदाहरण हे होतं : स्ट्रेप्टोकोकसनं घसा धरलेले १०९ सैनिक, ज्यांना पेनिसिलिनऐवजी खोटं औषध दिलं गेलं. बीचरनं कुणाचीही नावं दिली नाहीत. सैनिकांना असं औषधाविना ठेवणं अक्षम्य होतं, आणि आज रुग्णाच्या संमतीवाचून प्रयोग करता येत नाही याचं श्रेय बीचरसारख्यांकडे जातं.

आणि आपल्याकडे? उष्ण कटिबंधात र्‍हुमॅटिक ताप जवळजवळ नसतोच, असं इंग्रजी अमदानीतले कित्येक वैद्यकीय लेखक मानत. हा थंड, ओलसर देशांचा आजार, असा पाठच पडला होता. भारतीय डॉक्टर वॉर्डात रोज वेगळंच पाहत होते. १९६३ मध्ये दिल्लीच्या एम्समधले सुजोय रॉय आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की भारतात मायट्रल झडप विशीच्या आतच, कधी कधी तर त्याहून बऱ्याच लहान वयात पार अरुंद होते. पाश्चात्त्य देशांत ज्याला दहा-वीस वर्षं लागतात ते आपल्या मुलांत थोड्याच वर्षांत होतं. घसा पुन्हा पुन्हा धरतो, ताप उलटून येतो आणि प्रत्येक खेपेला झडपेवर नवा व्रण चढतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० च्या दशकात अशा झडपा मोकळ्या करायला सुरुवात केली, ती जवळपास सौटारच्याच वाटेनं, धडधडत्या हृदयात बोट घालून. त्या काळच्या शल्यविशारदांना मोठी धास्ती असे ती पिशवीतली गुठळी टेबलावरच सुटून मेंदूत जाईल याची. म्हणून पिशवी उघडल्याबरोबर क्षणभर रक्त उसळू देत, गुठळी असली तर बाहेर पडावी म्हणून. पुढे १९८४ मध्ये जपानच्या कान्जी इनोऊ यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडायची रीत प्रसिद्ध केली आणि छाती उघडण्याची गरज पुष्कळ कमी झाली.

थरथरणाऱ्या अलिंदाचा धोका नेमका किती, हे १९७८ मध्ये आकड्यांत उतरलं. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकी गावातल्या लोकांवर अनेक वर्षं नजर ठेवणाऱ्या अभ्यासातून फिलिप वुल्फ यांनी दाखवलं की नुसतं हृदय थरथरत असेल तर पक्षाघाताचा धोका पाचपटीनं वाढतो. त्याबरोबर र्‍हुमॅटिक झडपही असेल तर सतरापटीनं. लहानपणी दुखलेल्या घशाची मोठेपणी मोजलेली ही किंमत.

गुठळी होऊ नये म्हणून जे औषध देतात त्याची कुळकथा गोठ्यातली आहे. विस्कॉन्सिनमध्ये कुजलेलं क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्त वाहून मरत. १९३३ च्या हिवाळ्यात एका शेतकऱ्यानं न गोठणारं रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात आणून ठेवलं. त्यातून आधी उंदीर मारायचं औषध निघालं आणि मग माणसाचं : वॉरफरिन. आपल्याकडे त्याच्याच जातीचं ॲसिट्रॉम जास्त चालतं. या गोळीला दर काही आठवड्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, तपासावा लागतो. डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. बाईला दिवस गेले तर गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते. तपासणीसाठी तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. ज्यांत तपासणी लागत नाही अशा नव्या गोळ्या आल्या तेव्हा मोठी आशा वाटली होती. एम्सचे गणेशन कार्तिकेयन आणि कॅनडातले संशोधक यांनी २४ देशांतले साडेचार हजारांवर र्‍हुमॅटिक रुग्ण घेऊन ती आशा तपासली. रुग्णांत दहांत सात बायका होत्या. २०२२ मध्ये निकाल आला : जुनी, कटकटीची गोळीच सरस ठरली, तिच्यावर मृत्यू कमी झाले.

झडपा ठणठणीत असलेल्यांना जंतूंपासून पक्षाघाताचं भय नाही, असंही नाही. १९८८ मध्ये हेलसिंकीतल्या याना सिरयानेन यांनी पन्नाशीच्या आत पक्षाघात झालेले ५४ रुग्ण घेतले आणि झटक्याआधीच्या महिन्यात त्यांना तापाचं दुखणं आलं होतं का, हे पाहिलं. ५४ पैकी १९ जणांना आलं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत फक्त ३ जणांना. ती दुखणी बहुतेक श्वासमार्गाची आणि मुख्यतः जिवाणूंची होती. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की छातीच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका तिपटीहून जास्त असतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. मूत्रमार्गाच्या संसर्गानंतरही तो वाढतो, पण कमी. शरीर जंतूशी झुंजतं तेव्हा रक्त गोठायला उतावीळ होतं. मग हृदयरोग्यांना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक दिली तर रक्तवाहिन्या वाचतील का, हेही करून झालं. २००५ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यातल्या एकीतच चार हजार माणसं होती, आणि फायदा शून्य. रक्तवाहिनीची खराबी होऊन गेल्यावर जंतूमागे धावून उपयोग झाला नाही.

म्हणूनच वॉरेनच्या त्या आकड्यांशी मी पुन्हा पुन्हा येतो. २ आणि १७. ही गोष्ट १९५० पासून जगाला माहीत आहे. अमेरिकेत, युरोपात र्‍हुमॅटिक ताप फारसा पाहायला मिळत नाही म्हणून तरुण डॉक्टर तो पुस्तकात वाचतात. तिकडे घरं मोठी झाली, खाटांमधलं अंतर वाढलं आणि घसा दुखला की पेनिसिलिन मिळालं. २०१५ मध्ये जगात र्‍हुमॅटिक हृदयविकाराचे तीन कोटी चौतीस लाख रुग्ण होते आणि त्या वर्षी त्यानं तीन लाखांवर माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यांत आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे. २०१८ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेनं या आजाराविरुद्ध ठराव केला. सिद्ध झालेला उपाय अंमलात यायला अडुसष्ट वर्षांनी ठराव करावा लागतो, हे मला लाजिरवाणं वाटतं.

ज्या मुलाला एकदा हा ताप येऊन गेला आहे, त्याला दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते दुखतं, मूल रडतं, आणि सांधे बरे झालेले दिसले की आईबापांना वाटतं आता कशाला. कृपा करून ते चुकवू नका. आणि तुमच्या घरात पाच ते पंधरा वर्षांचं मूल असेल, त्याला ताप असेल, गिळताना घसा दुखत असेल, गळ्याला गाठी लागत असतील आणि नाक वाहत नसेल, खोकला नसेल, तर हळद-मिठाच्या गुळण्या जरूर द्या, पण त्याच दिवशी डॉक्टरांना घसा दाखवा आणि हा स्ट्रेप्टोकोकस तर नाही ना, असं स्वतःहून विचारा. आज दुखण्याचा पाचवा दिवस असला तरी उशीर झालेला नाही. नऊ दिवस असतात.